तांब्याची साक्ष

१

दारव्ह्याच्या बाहेर, दिग्रस रोडवर सोयाबीनचं एक मोठं गोदाम आहे. जानेवारीतल्या एका गुरुवारी सकाळी सव्वाआठला तिथली झाडणारी तानाबाई चहाचा कप घेऊन वजनकाट्याच्या केबिनमध्ये शिरली आणि कप तिच्या हातातून खाली पडला. ट्रकांचं वजन करणारा संजय टेबलाखाली पालथा पडला होता. ओठ निळसर, तोंडाला फेस. तानाबाईनं त्याच्या काखेत हात घातले, उंबऱ्यापर्यंत ओढत आणलं आणि तिथंच तिला स्वतःला भडभडून उलटी झाली.

नऊच्या आत दोघांना गाडीत घालून नेलं. तानाबाईला दारव्ह्याच्याच दवाखान्यात ठेवलं, संजयला थेट यवतमाळला. डॉक्टरांनी फोनवर एवढंच सांगितलं, "विषारी वायू दिसतो. चोवीस तास गेले तर बोलू."

विषारी वायू म्हटल्यावर गावाला विचार करावा लागला नाही. गोदामात अशा वायूचं काम करणारा माणूस एकच, अय्यूबभाई. किड्यांपासून धान्य वाचवायला ताडपत्रीखाली गोळ्या ठेवून धुरी द्यायची, हे काम ते तीस वर्षं करत होते. परवाना त्यांच्याच नावाचा. सोमवारीच त्यांनी पोत्यांच्या तीन नंबरच्या थप्पीला धुरी दिली होती, आणि तीन नंबरची थप्पी काट्याच्या केबिनला लागूनच होती. मधे एक भिंत, आणि भिंतीला बोटभर तडा.

साडेदहाला औद्योगिक सुरक्षा निरीक्षक उज्ज्वला आडे यवतमाळहून पोचली तेव्हा अय्यूबभाई कडुलिंबाखालच्या बाकावर बसलेले होते. शेजारी शिपाई. समोर पन्नासेक माणसं, त्यातली निम्मी शिव्या देणारी.

फौजदार तिला सामोरे आले. "मॅडम, केस सरळ आहे. तुमचा कागद मिळाला की यांना घेऊन जातो."

दोन वर्षांपूर्वी अशाच एका सरळ केसमध्ये, एका तेलघाणीवर, मेलेल्या कामगाराच्याच नावावर उज्ज्वलानं निष्काळजीपणा लिहिला होता. सही करताना हात थांबला होता. पण वर साहेब उभे होते. त्या कामगाराची बायको अजून तिच्या स्वप्नात येई.

"कागद संध्याकाळी देते," ती म्हणाली. "आणि साहेब, तोवर या केबिनच्या आसपास कोणी फिरकायचं नाही. बघ्यांना फाटकाबाहेर काढा."

२

गोदामाचे व्यवस्थापक भारत गावंडे चाळिशीचे, टापटीप, बोलण्यात साखर. त्यांनी उज्ज्वलासाठी खुर्ची पुसली.

"मॅडम, मी तर अय्यूबभाईले किती डाव सांगतलं, आता वय झालं तुमचं, सोडा हे काम. तो तडा पाहा. ताडपत्री ढिली राहिली असणार, वायू तड्यातून गेला. बिचारा संजय. थंडीपायी दार-खिडकी लावून बसला होता."

"गोळ्यांच्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते?"

"एक अय्यूबभाईकडे, एक ऑफिसात. पण मी त्या गोळ्यांले हात लावत नाही. मले तर त्याच्या वासाचंही भेव वाटते." बोलता बोलता ते उजवं मनगट डाव्या हातानं चोळत होते. मनगटावर गोरा पट्टा होता, वर्षानुवर्षं काही घातलेलं काढल्यावर राहतो तसा.

"या आठवड्यात आणखी कुठल्या मालाला धुरी दिली?"

"नाही, नाही. एकच थप्पी."

उज्ज्वला कडुलिंबाखाली गेली. अय्यूबभाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि आपल्यावरच्या आरोपाचं एक अक्षर न काढता विचारलं, "संजय कसा हाये?"

"बेशुद्ध आहे."

"या अल्ला." त्यांनी डोळे मिटले. "पोराचं लगन ठरलं हाये मॅडम, मार्चात."

"चाचा, सोमवारी काय काय केलं ते सांगा."

त्यांनी सांगितलं. ताडपत्री कशी अंथरली, कडेनं वाळूच्या लांब पिशव्या कशा लावल्या, भिंतीच्या तड्यावर आतून चिकटपट्टी कशी मारली. रोज सकाळ-संध्याकाळ स्वतःच्या पैशानं घेतलेलं वायू मोजायचं मशीन फिरवलं, काल संध्याकाळीही. भिंतीपाशी शून्य. ते मशीन आता पंचनाम्यात जप्त होऊन ठाण्यात पडलं होतं. उज्ज्वलाच्या कार्यालयातलं मशीन एक सहकारी वणीला घेऊन गेला होता.

"माह्यावर विश्वास नका ठेवू," अय्यूबभाई म्हणाले. "मशीनवरबी नका ठेवू, ते माह्यंच हाये. पण एक सांगतो. धुरीच्या दिवशी मी ही घरी ठेवून येतो." त्यांनी आपल्या बोटातली जुनी तांब्याची अंगठी दाखवली. "हा वायू तांब्याले खाते. एका दिवसात काळंठिक्कर. माणूस खोटं बोलन, तांबं नाई बोलत."

उज्ज्वलानं ती अंगठी वाकून पाहिली. लाल, लखलखीत.

मग ती वळली. कारण मागून कोणीतरी हलक्या आवाजात, तिच्या घरच्या बंजारा बोलीत विचारलं होतं, "बाई, तू कुणसे तांडेर छी?"

३

हमालांचे मुकादम फुलचंद राठोड. साठीकडे झुकलेले, खांद्यावर पोत्यांनी पाडलेला घट्टा. उज्ज्वलानं आपल्या तांड्याचं नाव सांगितलं तसा त्यांचा चेहरा विरघळला आणि दुसऱ्याच क्षणी पडला.

"मंग तुले खोटं कसं सांगू, बाई. चूक माही हाये. अय्यूबभाईले सोडून दे."

"काय झालं, काका?"

"मंगळवारी पोतं ओढताना आमच्या एका गड्याचा पाय वाळूच्या पिशवीले लागला. पिशवी सरकली. वीतभर ताडपत्री उघडी पडली. मी लगेच सारखी केली, पण अय्यूबभाईले सांगतलं नाई. भेव वाटलं, गड्याची रोजी जाईन म्हून." त्यांनी डोळे पुसले. "तिथूनच वायू निंघाला असन. संजय माह्या पायी मरून राह्यला."

फौजदार जवळच होते. त्यांनी समाधानानं मान हलवली. "घ्या मॅडम. दोघंही आले."

उज्ज्वलानं मनात दिवस मोजले. पिशवी मंगळवारी सरकली, लगेच बसवली, आणि संजय गुरुवारी पडला? तर्क जुळत नव्हता, पण नुसत्या तर्कानं दोन म्हातारे सुटणार नव्हते.

तिनं दवाखान्यात फोन लावला. तानाबाईचा आवाज घोगरा होता, पण शब्द स्पष्ट.

"मावशी, आज सकाळी उठल्यापासून काय काय केलं? काही सोडू नका."

"रोजचंच केलं ना मॅडम. अंगण झाडलं. संजयदादानं काट्यापाशी उभा होता त्या ट्रकाचं वजन केलं, ट्रक गेला. मंग म्या काट्याच्या पत्र्यावर दोन बकेटा पानी टाकून धुतलं. लय माती होती."

"वास आला का कसला?"

"आला ना! पानी टाकलं तसा आला. सडक्या मासोळीवानी, लसनावानी. मले वाटलं खाली उंदीर मेला. संजयदादानं खिडकी लावून घेतली. मंग अर्ध्या घंट्यानं च्या घेऊन गेली, तं तो..." तिचा हुंदका आला.

"वास गोदामाच्या बाजूनं आला की..."

"नाई नाई. पायाखालून."

४

उज्ज्वलानं गाडीतून तोंडावर बसणारा, वायू गाळणाऱ्या डबीचा मुखवटा काढला, रबरी हातमोजे घातले. तीन तास दार-खिडकी सताड उघडी होती, तरी ती तशीच आत गेली नाही. दाराशी उभ्या फौजदारांना तिनं बजावलं, "मी दोन मिनिटांत बाहेर आले नाही तर आत येऊ नका. बाहेरून दोरी ओढा." कमरेला दोरी बांधली होती. फौजदारांना आधी हसू आलं, मग आलं नाही.

आत टेबल, वजन दाखवणारं यंत्र, एक कॅलेंडर. गोदामाच्या भिंतीवर विजेचा बोर्ड होता, तड्यापासून हातभर अंतरावर. बाहेरून वीज तोडायला लावली होती. तिनं स्क्रू काढून झाकण उघडलं. आतल्या तांब्याच्या तारा लाल, चकचकीत. वायू या भिंतीतून आला असता तर पहिला घाव यांनाच बसला असता.

मग ती गुडघ्यांवर बसली. यंत्राची वायर टेबलाखाली जमिनीतल्या एका प्लास्टिकच्या नळीतून वर येत होती. नळी सरळ काट्याखालच्या खड्ड्यात जाते. त्या वायरीची टोकं जिथं उघडी होती, तिथं ती काळीकुट्ट पडली होती. काजळी फासल्यासारखी.

बाहेर येऊन तिनं मुखवटा काढला, आणि सकाळपासून पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर तेज आलं.

"साहेब, वायू भिंतीतून आलाच नाही. खालून आला. अय्यूबचाचाच्या थप्पीचा आणि फुलचंदकाकाच्या पिशवीचा याच्याशी काहीएक संबंध नाही. काट्याच्या खड्ड्यात कोणीतरी गोळ्या टाकल्यात. तानाबाईनं रोजच्यासारखं वरून पाणी टाकलं, पाणी खाली गळलं, गोळ्या भिजल्या आणि वायू उसळला. संजयनं वास येतो म्हणून खिडकी लावली आणि वायू आत कोंडला."

फौजदारांनी टोपी काढली. "खड्ड्यात कशाला टाकेल कोणी?"

"ते खड्डाच सांगेल. चाचांचं मशीन मागवा. आणि चाचांना इकडे बोलवा, आरोपी म्हणून नाही. मला त्यांची मदत लागणार आहे."

५

ठाण्यातून मशीन आलं. वारा कुठून येतो ते अय्यूबभाईंनी चिमूटभर धूळ उडवून पाहिलं, सगळ्यांना त्या अंगाला उभं केलं आणि मुखवटा चढवून लांब दांडीनं खड्ड्याचं झाकण उचललं. मशीन किंचाळायला लागलं. आकडा पाहून त्यांनी हात वर केला: कोणी पुढे यायचं नाही.

उज्ज्वलानं दुरून विजेरीचा झोत आत सोडला. तळाशी ओल. ओलीत राखाडी भुकटीचा ढीग, त्यात अर्धवट विरघळलेल्या गोळ्या. आणि भुकटीत मिसळलेले पिवळट, भोकं पडलेले दाणे.

"काका," तिनं मागं न बघता विचारलं, "या गोदामात हरभरा आहे?"

"नाई," फुलचंद म्हणाले. "सोयाबीन हाये सारं. हरभरा फक्त त्या ट्रकात होता. मंगळवारी दिग्रसहून आला, दोन दिवस काट्यापाशी ताडपत्री लावून उभा होता. गावंडे सायबाचा सौदा होता तो. आज सकाळी नागपूरले गेला."

उज्ज्वला ताठ झाली. भुकटीत हरभरा, म्हणजे या गोळ्या हरभऱ्याच्या पोत्यांत होत्या. ट्रकमध्ये. कोणीतरी हाताला लागल्या तेवढ्या काढून खड्ड्यात झाडल्या. आणि हाताला न लागलेल्या?

"चाचा, भरलेल्या ट्रकात मधल्या थरातल्या गोळ्या कोणी वरून काढू शकेल का?"

अय्यूबभाईंचा चेहरा पांढरा पडला. "पुरा ट्रक खाली केल्याशिवाय? नाई मॅडम. अन् ट्रकाच्या केबिनच्या मागं पोतेच असतात. ताडपत्री केबिनवरून ओढली असन तं सारा वायू डायवराच्या मानगुटीवर."

"ड्रायव्हर कोण?"

"बादल," फुलचंद म्हणाले. "माह्या तांड्याचा."

बादलचा फोन वाजत राहिला. कोणी उचलला नाही. गावंडेंना बोलावलं तेव्हा ते घाम पुसत म्हणाले, "पावणेदहाले त्याचा फोन आला होता. डोकं दुखते, मळमळते म्हणे. कळंबले थांबतो म्हणाला."

"आणि हे तुम्ही दोन तास कोणाला सांगितलं नाही?"

फौजदारांनी कळंबच्या ठाण्याला फोन लावला. फुलचंदांनी त्याहून जवळचा रस्ता धरला. त्यांची मेहुणी वर्षा कळंबच्या फाट्यावर चहाची टपरी चालवायची. दारव्ह्याचे सगळे ट्रक तिथंच थांबत. त्यांनी फोन लावून स्पीकरवर टाकला.

"हो, बादलचा ट्रक हाये ना इथं," वर्षाचा आवाज आला. "नळावर आंघोळ केली, दोन घास खाल्ले, थंडी वाजते म्हणे. काचा लावून झोपला. अर्धा घंटा झाला असन."

उज्ज्वलानं फोन हातात घेतला. "वर्षाताई, मी यवतमाळहून सरकारी बाई बोलते. त्या केबिनमध्ये विषारी वायू आहे. वारा कुठून येतो पाहा, वाऱ्याकडे पाठ करून जा. दार उघडत नसेल तर काच फोडा. पण आत तोंड घालायचं नाही. दोन्ही दारं उघडून मागं सरा, दहा मोजा, मग श्वास रोखून त्याला ओढा."

फोनमधून पळण्याचा आवाज आला. "बादल! बादल!" मग दारावर थापा. मग वर्षा ओरडली, "अवो, मुसळ द्या ते मिरच्याचं!" आणि काच फुटल्याचा खळ्ळकन आवाज.

गोदामाच्या आवारात सगळे फोनभोवती गोळा झाले होते. फुलचंद मातीत बसले होते. अय्यूबभाईंचा हात त्यांच्या खांद्यावर होता, आणि ते ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होते. दहा झाले. वीस झाले. चाळीसपर्यंत पोचले तरी फोनमधून फक्त धापा.

मग वर्षाचं रडणं आलं, आणि रडण्यातून शब्द.

"ओकला! ओकून राह्यला! डोळे उघडले त्यानं!"

हमालांनी जो जल्लोष केला तो दिग्रस रोडवरच्या बसमधल्या माणसांनीही ऐकला असेल. फुलचंद उठले आणि अय्यूबभाईंच्या गळ्यात पडले.

६

"आता कोणी टाकल्या ते पाहू," उज्ज्वला म्हणाली.

गावंडे हसण्याचा प्रयत्न करत होते. "कपाटाची किल्ली दोघांकडे आहे मॅडम. अय्यूबभाईनंच..."

"चाचा ट्रकात गोळ्या कधीच ठेवणार नाहीत. त्यांनी ठेवल्या असत्या तर सात दिवस ट्रक हलू दिला नसता. तुम्हाला सात दिवस थांबायचं नव्हतं. हरभरा जुना होता, भुंगा लागलेला. नागपूरचा व्यापारी जिवंत किडे पाहून माल परत पाठवेल, म्हणून तुम्ही मंगळवारी गोळ्या ठेवल्या. काल संध्याकाळी वरवरच्या काढल्या. कचऱ्यात टाकल्या असत्या तर चाचांनी ओळखल्या असत्या. काट्याच्या खड्ड्यात कोण बघतो?"

"हे सारे अंदाज आहेत."

"काका, गावंडे साहेब हातात काय घालतात?"

"तांब्याचं कडं," फुलचंद म्हणाले. "संधिवातासाठी. आठ वर्सं झाली, आंघोळीलेही काढत नाईत."

"मग आज कुठे आहे, साहेब?"

"घरी राहिलं."

"चालेल. फौजदार साहेब शिपायाला तुमच्या घरी पाठवतील. पण आधी तुमच्या टेबलाचा खण पाहू."

खण उघडला. कागदांच्या तळाशी, रुमालात गुंडाळलेलं कडं निघालं. मनगटाच्या आतल्या बाजूचं तांबं अजून लाल होतं. बाहेरचा भाग मात्र कोळशासारखा काळा, अगदी केबिनमधल्या वायरीसारखा. काल संध्याकाळी हातमोजे न घालता त्यांनी भुकटी झाडली होती. सकाळी कडं काळं पडलेलं पाहून घाबरून काढून ठेवलं होतं. घरी ठेवलं तर बायको विचारेल, म्हणून इथं.

गावंडे खुर्चीत बसले. "मले वाटलं, विझल्या असतील त्या गोळ्या," ते पुटपुटले. "देवाशपथ, वाटलं विझल्या असतील."

"वाटलं," उज्ज्वला शांतपणे म्हणाली. "म्हणूनच परवाना असतो, साहेब. ज्याला वाटून चालत नाही, त्याला तो देतात. आणि बादलचा फोन आला तेव्हा तर वाटण्याचाही प्रश्न नव्हता. तेव्हा तुम्हाला कळलं होतं."

सकाळी अय्यूबभाईंसाठी उभ्या केलेल्या जीपमध्ये गावंडेंना बसवलं.

७

दुपारभर अय्यूबभाई खड्ड्यापाशी होते. कोणाला जवळ येऊ न देता, मुखवट्याच्या आड, त्यांनी एक एक गोळी बाहेर काढून उघड्या मैदानात नेली आणि आपल्या पद्धतीनं निकामी केली. सकाळी शिव्या देणारी माणसं फाटकाबाहेरून बघत उभी होती. सूर्य खाली गेला तेव्हा अय्यूबभाईंनी मशीन खड्ड्यात सोडलं, वर काढलं आणि आकडा सगळ्यांना दिसेल असं उंच धरलं. शून्य. कोणीतरी टाळी वाजवली, आणि मग कितीतरी वेळ टाळ्या थांबल्याच नाहीत.

कळंबहून पोलिसांचा फोन आला. ट्रक मोकळ्या मैदानात नेऊन त्याच्याभोवती दोर बांधलाय, परवानाधारक माणूस येईपर्यंत कोणी हात लावणार नाही, म्हणाले. दुसऱ्या दिवशी दुपारी संजयनं डोळे उघडले. तानाबाईनं ओढून बाहेर काढल्याचं कळल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "तानाबाई बरी हाये का?"

गोदामाचे मालक यवतमाळहून आले, ते शनिवारी. धुरीचा सहावा दिवस. बाजारभाव चांगला होता, त्यांना तीन नंबरची थप्पी उघडून हवी होती.

"एका दिवसानं काय होते?" ते म्हणाले.

फुलचंद पुढे झाले. मागे चाळीस हमाल. "शेटजी, अय्यूबभाई सांगतीन तवा शटर उघडन. मशीन शून्य दाखवन तवा आम्ही आत जाऊ. काट्याच्या केबिनमधी मशीन कायमचं पाहिजे, सगळ्यायले मुखवटे पाहिजे, अन् गोळ्यांची दुसरी किल्ली ऑफिसात नाई राहणार. हे सारं झालं तं पोतं उचलू."

मालकांनी उज्ज्वलाकडे पाहिलं. तिनं पिशवीतून एक कागद काढून त्यांच्या हातात दिला. हेच सगळं त्यात लिहिलेलं होतं, सरकारी शिक्क्यासह. मालकांनी तो वाचला, दोनदा वाचला, आणि खिशातून पेन काढलं.

सोमवारी सकाळी, आठव्या दिवशी, अय्यूबभाई मशीन घेऊन गोदामाला एक फेरी मारून आले. भिंत, तडा, केबिन, उंबरा. मग ते म्हणाले, "शटर कोन उघडन?"

तानाबाई आदल्या संध्याकाळीच दवाखान्यातून सुटली होती. ती पदर खोचून पुढे आली, नवा मुखवटा तिनं नाकावर घट्ट बसवला, दोनदा तपासला, आणि दोन्ही हातांनी साखळी ओढली. शटर खडखडत वर गेलं.